टोचतंय, किर्र होतंय: शाळा व्यवस्थापन समित्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
शाळा व्यवस्थापन समिती,
जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळा
(खासगी शाळांच्या संचालकांनी वाचलं तरी हरकत नाही, गणवेश तिकडेही टोचतात.)

विषय: मानेला टोचणारं लेबल आणि तसल्याच इतर बारीकसारीक गोष्टींबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरात शाळांचे गणवेश शिवते. कारखाना म्हणावा एवढं मोठं काही नाही. थोड्या मशिनी, एक कटिंग मास्तर, आणि मार्च ते जून मान वर करायलाही उसंत न देणारा हंगाम. आमच्या सोलापुरात गणवेशाचे असे लहानमोठे कारखाने गल्लोगल्ली आहेत आणि इथला माल पार परराज्यांत जातो. तेव्हा पुढे जे लिहिणार आहे ते कपड्याच्या आतली बाजू रोज बघणाऱ्या बाईचं आहे, एवढं धरून वाचा. मी डॉक्टर नाही, शिक्षिकाही नाही.

हे पत्र थेट मंत्रालयात धाडता आलं असतं. पण 2024-25 साली काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणून सगळ्या सरकारी शाळांचं कापड वरून ठरलं, कापलेलं कापड बचत गटांच्या बायकांकडे शिवायला आलं, निम्मं वर्ष सरलं तरी कित्येक ठिकाणी गणवेश पोचले नाहीत, आणि पोचले त्यातल्या बऱ्याच जणांच्या मापांचा पत्ता नव्हता. पुढच्या वर्षापासून हा अधिकार पुन्हा तुमच्याकडे आला. शिवाय 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं तुमच्यातले तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत आणि निम्म्या बायका. म्हणजे ज्यांच्या घरी सकाळी साडेसहाला ‘आई, हे टोचतंय’ चाललेलं असतं, तीच माणसं समितीत बसलेली आहेत. मग तक्रार दुसऱ्या कुणाकडे कशाला करायची?

लेबलापासून सुरुवात करते.

शर्टाच्या गळ्याशी मागे जे बोटभर लेबल असतं, ते विणलेलं पॉलिएस्टर असतं. त्याची लांबच लांब पट्टी येते आणि ती तापलेल्या पात्यानं कापतात, म्हणजे कडेचे धागे सुटत नाहीत. पण तापलेल्या पात्यानं पॉलिएस्टर वितळतं आणि थंड झालं की कडेला कडक धार धरतं. दोन्ही कोपरे तर अणकुचीदारच होतात. हाताच्या तळव्याला ते काहीच वाटत नाही. मानेच्या मागची कातडी तळव्याइतकी राठ नसते, त्यात जूनचा घाम. ओली कातडी मऊ पडते आणि टोचणं वाढतं. आई काय करते? कात्री घेते आणि लेबल कापून टाकते. शिलाईत अडकलेला त्याचा खुंट तसाच राहतो आणि तो मूळ लेबलापेक्षा जास्त टोचतो. तो पुरा काढायचा तर गळपट्टीची टीप उसवावी लागते, आणि सकाळच्या घाईत ते कोण करणार?

दुसरा गुन्हेगार तंगूस दोरा. मासे धरायच्या गळाला असतो तसला पारदर्शक नायलॉनचा दोरा कपड्याच्या दुमडीला वापरतात. कारण साधं आहे: तो कुठल्याही रंगावर खपतो. निळ्या शर्टावरून खाकी पँटवर गेलं तरी मशिनीवरची रीळ बदलावी लागत नाही, कारागिराचा वेळ वाचतो. पण टीप संपते तिथं त्याचं टोक बाहेर राहतं आणि ते सुती दोऱ्यासारखं धुऊन मऊ पडत नाही, वर्षभर तसंच ताठ राहतं. स्कर्टच्या पट्ट्याशी, पँटच्या कमरेशी, बाहीच्या आत. पोरं खाजवतात आणि बाई म्हणतात, ‘नीट बस.’

आणि शाळेचा मोनोग्राम. त्याबद्दल मला जरा जास्तच राग आहे, कारण हा त्रास निव्वळ आळसातून होतो. एम्ब्रॉयडरीची उलटी बाजू कधी बोट फिरवून बघा. गाठी, उड्या मारलेले दोरे, मागे लावलेला कडक कागदासारखा थर. खिशावर मोनोग्राम असेल तर खिसा आधी भरतकामाला पाठवायचा आणि मग शर्टावर जोडायचा. मग ती खरखरीत बाजू खिसा आणि शर्ट यांच्या मध्ये राहते, अंगाला लागत नाही. पण शर्ट शिवून झाल्यावर आठवण होते, मग तयार शर्टच भरतकामाच्या मशिनीला चढवतात आणि सुई खिशासकट शर्टातून आरपार जाते. मूल दहा महिने छातीवर तो खरवडा वागवतं. पीटीच्या टीशर्टला खिसाच नसतो, तिथं आतून मऊ अस्तराचा तुकडा इस्त्रीनं चिकटवता येतो. काही रुपयांचं काम आहे. कुणी मागत नाही म्हणून कुणी करत नाही.

मापं घ्यायला मी शाळांतून जाते. व्हरांड्यात टेबल टाकून वर्गवार पोरं येतात. टेप गळ्याभोवती नेला की एखादं पोर खांदे कानापर्यंत चढवतं, एखादं ‘गुदगुल्या होतात’ म्हणून वाकडं होतं. एका शाळेत तिसरीतली एक मुलगी आली. तिनं शर्ट आतली बाजू बाहेर करून घातला होता, बटणं कशीबशी आतून लावलेली. बाईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की ही जरा तशीच आहे, लक्ष देऊ नका. मी तिला विचारलं, असा का घातलास? ती म्हणाली, ‘शिलाई बाहेर गेली की गप्प राहते.’ मी बघितलं तर खांद्याच्या ओव्हरलॉकची, म्हणजे कापडाची कड गुंडाळणाऱ्या शिलाईची, जाड रेघ, त्यात दोन ठिकाणी दोऱ्याच्या गाठी. शर्ट कुठल्या कारखान्याचा होता ते सांगत नाही. पण अख्ख्या शाळेत त्या शर्टातला दोष शोधून त्यावर इलाज केलेली तेवढी एकच व्यक्ती होती, आणि तिला ‘तशीच आहे’ म्हणत होते.

आता तुमच्यातलं कुणीतरी म्हणणारच, नखरे आहेत. आम्ही काय कमी खरखरीत कपडे घातले? मांजरपाटाची चड्डी घालून शिकलो. सवय होते.

बहुतेकांना होते, हे खरं. अंगावर सतत तोच स्पर्श राहिला की कातडी त्याची वर्दी देणं बंद करते, म्हणून तर दिवसभर अंगातला शर्ट आपल्याला जाणवत नाही. पण टोकदार दोरा दर हालचालीला नव्यानं टोचतो, त्यामुळे सवय व्हायला उसंतच मिळत नाही. आणि सगळ्यांची कातडी सारखी नसते. आमच्या सोलापुरी चादरीचंच घ्या. तिला 2005 साली भौगोलिक मानांकन मिळालं, घराघरात ती असते, आणि त्याच चादरीखाली एक माणूस घोरतो तर दुसरा रात्रभर ती अंगावरून ढकलत राहतो. दोघांपैकी कुणाला आपण खोटारडा म्हणत नाही.

काही मुलांच्या बाबतीत तर गोष्ट नुसत्या टोचण्यावर थांबत नाही. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना स्पर्श, आवाज, वास, उजेड यांचा त्रास इतरांपेक्षा फार जास्त किंवा फार कमी होऊ शकतो, आणि 2013 पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत हे स्वमग्नतेच्या लक्षणांत नोंदलेलं आहे. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या 21 प्रकारांचा समावेश आहे, त्यात स्वमग्नता आहे. तुमच्या तालुक्यात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना एकदा बोलावून विचारा. मात्र एक मी ठामपणे सांगते: टोचतंय म्हणायला कुठलंही प्रमाणपत्र लागू नये. ठणठणीत पोरालाही टोचतं.

गणवेशाचं झालं. पण व्हरांड्यात अख्खा दिवस बसलं की शाळा कानांनीही कळते, म्हणून थोडं माझ्या धंद्याबाहेरचं लिहिते.

वर्गात गुरुजी फळ्यावर लिहीत असतात आणि मध्येच खडू किर्रर्र करतो. सगळा वर्ग ‘स्स्स’ करून खांदे आवळतो, काही जण हसतात, एखादं पोर दोन्ही कान दाबून बाकाखाली वाकतं. खडू असा का बोलतो? तो फळ्यावर सलग घसरत नाही. क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, आणि हे सेकंदाला शेकडो, हजारो वेळा होतं. राळ लावलेला गज व्हायोलिनच्या तारेवर हेच करतो, तिथं आपण त्याला संगीत म्हणतो. लांब खडू सैल धरला, फळ्याला काटकोनात टेकवला, की तो थरथरायला मोकळा. म्हणून जुने गुरुजी नवा खडू हातात आला की आधी तो मोडून अर्धा करायचे. तुकडा आखूड झाला आणि टोकाजवळ घट्ट, तिरपा धरला की किर्र जवळजवळ जाते. हा खर्च शून्य रुपयांचा आहे.

शास्त्रज्ञांनी यावर डोकं लावलंय हे वाचून मला फार बरं वाटलं. 1986 साली अमेरिकेतल्या तिघांनी पाटीच्या दगडावर तीन दातांचं बागकामाचं अवजार ओढून तो आवाज लोकांना ऐकवला. आधी सगळ्यांना वाटायचं की त्यातला अगदी चिरका, वरच्या पट्टीतला भाग नकोसा वाटतो. त्यांनी तो भाग गाळून ऐकवला, तरी लोकांच्या अंगावर काटा. खरी कटकट मधल्या पट्टीत होती. या कामाला 2006 साली इग नोबेल मिळालं. आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते. मग 2012 मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला सुखबिंदर कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 13 जणांना मेंदूचा स्कॅन करतानाच 74 आवाज ऐकवले. सगळ्यांत नकोसा ठरला बाटलीवर सुरी घासल्याचा. काचेवर काटा, फळ्यावर खडू, फळ्यावर नखं हेही वरच्या रांगेत. साधारण 2,000 ते 5,000 हर्ट्झमधले आवाज जास्त झोंबतात असं त्यांना दिसलं. आपला कान तिथंच सगळ्यांत तिखट असतो, आणि असे आवाज ऐकताना मेंदूतला भीती-भावनांशी संबंधित भाग ऐकण्याच्या भागाला जास्त कामाला लावतो. तेव्हा कान दाबून वाकलेलं पोर नाटक करतंय असं म्हणायला फार वाव उरत नाही.

बाकांचं तेच. लोखंडी पायांचे बाक शहाबादी फरशीवर ओढले की खडूचीच थोरली भावंडं ओरडतात, तीही एकदम वीस. पायांना रबरी बुचं बसवा. बुचं गळून पडतात, चोरीला जातात, हे कबूल. एका शाळेत शिपाईमामांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे पायांवर चढवून तारेनं आवळले होते. दिसायला वाईट, पण तो वर्ग प्रार्थनेला उठला तेव्हा मला कळलंसुद्धा नाही.

प्रार्थनेचा लाऊडस्पीकर हा वेगळाच अध्याय. माईकच्या मागे किंवा शेजारी स्पीकर, म्हणजे स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये, तिथून परत स्पीकरमध्ये, आणि मग ती कान फाडणारी शिट्टी. स्पीकर माईकच्या पुढे, तोंड मुलांकडे करून ठेवला आणि आवाज जरा उतरवला की संपलं. पण सोळा ऑगस्टलाही स्पीकर जुन्याच जागी असतो आणि सव्वीस जानेवारीच्या तालमीपर्यंत तिथंच राहतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शाळेभोवतीचं 100 मीटरपर्यंतचं क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतं आणि तिथं दिवसा 50 डेसिबलची मर्यादा आहे. बाहेरच्या रिक्षावाल्याला हॉर्न वाजवू नको म्हणून पाटी लावायची आणि आत आपणच शिट्टी मारायची, हे बरं दिसत नाही.

पोषण आहाराच्या वेळेबद्दल समितीनं फार काही करावं असं माझं म्हणणं नाही. पंगत बसली की ताटं वाजणार, चमचे घासणार, शंभर तोंडं चावणार. काहींना नेमका हाच मचमच आवाज सहन होत नाही, नुसता कंटाळा येत नाही तर डोकं भणाणतं. त्याला मिसोफोनिया असं नाव 2001 साली मिळालं आणि अभ्यासकांनी मिळून त्याची व्याख्या 2022 मध्ये केली, म्हणजे विषय तसा ताजाच. आता ज्या गावात शेंगाचटणीबरोबर कडक भाकरी खातात आणि ती मोडली की शेजारच्या घरी कळतं, तिथं मी चावण्याच्या आवाजावर काय बोलू! पण एखादं पोर ताट घेऊन दर वेळी पंगतीच्या टोकाला सरकत असेल, तर त्याला ओढून मध्ये बसवू नका. आणि खिचडीतला वाटाणा किंवा मऊ पडलेली भाजी तोंडात गिळगिळीत लागून एखादीला उमासा येत असेल, तर ‘ताट चाटूनपुसून’ हा नियम तिच्यापुरता सैल करा. अन्नाची नासाडी नको हे मान्य, तिला आधीच कमी वाढा.

मला माहीत आहे तुमच्यासमोर काय काय पडलेलं आहे. पत्र्यातून पाणी गळतं, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, दोन शिक्षकांवर चार वर्ग. त्यात ही बाई लेबल घेऊन आली. पण वर लिहिलेल्यातलं कुठलंही काम त्या कामांच्या पैशाला हात लावत नाही. खडू मोडायला निधी लागत नाही, स्पीकर फिरवायला ठराव लागत नाही. गणवेशाचं म्हणाल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून एका गणवेशाला 300 रुपये धरलेले असतात. त्या दरात आम्ही रेशमी काही देणार नाही, टेरिकॉटच देणार. पण लेबलाऐवजी माप कॉलरच्या आत छापून देणं, तंगूसऐवजी साधा दोरा घालणं, खिसा आधी भरतकामाला पाठवणं, हे त्याच दरात बसतं. मी स्वतः शिवते म्हणून सांगते. पुरवठादार नाही म्हणाला तर तो रीळ बदलायचा कंटाळा करतोय असं खुशाल समजा.

फक्त हे ऑर्डरीच्या कागदावर लिहा. तोंडी सांगितलेलं मे महिन्याच्या घाईत कुणाच्याही ध्यानात राहत नाही, माझ्याही कारागिरांच्या राहत नाही. सध्या तुमच्या ऑर्डरीवर रंग, माप, नग आणि दर एवढंच असतं. त्याखाली चार ओळी वाढवा: गळ्याला शिवलेलं लेबल नको, आतल्या टिपांना नायलॉन दोरा नको, मोनोग्रामची उलटी बाजू अंगाला लागता कामा नये, दोऱ्यांची टोकं कापून द्यावीत. आणि ऑर्डर मार्चमध्ये द्या, जूनच्या दहा तारखेला नको.

नमुन्याचा गणवेश आला की तुम्ही तो टेबलावर पसरून रंग जुळतो का बघता, कापड चिमटीत धरून जाडी बघता आणि सही करता. यंदा सही करायच्या आधी तो उलटा करा आणि आतून हात फिरवा. मग शाळेतल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला घालायला द्या, मधल्या सुट्टीत पळू द्या, घाम येऊ द्या, आणि कुठं लागतंय ते विचारा. बोट ठेवून दाखवतील. तिथं खडूनं खूण करून तोच नमुना माझ्यासारखीकडे परत पाठवा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
गणवेश शिवणारी एक बाई,
सोलापूर